उभ्यानं थापलेली भाकरी

डॉक्टरांनी रंभाबाईंना काम करायची परवानगी दिली आणि बसायची बंदी केली. आता रंभाबाईंचं सगळं कामच बसून व्हायचं, हे डॉक्टरांना कोण सांगणार? डॉक्टर पुण्याचे. त्यांच्या घरी पोळ्या होत असाव्यात, आणि त्याही दुसरंच कुणीतरी लाटत असावं.

तसं डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. न्हाणीत घसरून मोडलेला डावा खुबा त्यांनी उघडला, आतला निकामी गोळा काढून धातूचा चकचकीत गोळा बसवला, आणि घरी सोडताना बजावलं, "मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर तर बसायचंच नाही. उभ्यानं मात्र काय वाटेल ते करा." डावा पाय बराच आखूड झाला होता. म्हणून एक काळा चामडी बुटांचा जोड करून दिला. त्यातल्या डाव्या बुटाचा तळ विटेएवढा जाड. "उभं राहाल तेव्हा हा पायात हवाच," डॉक्टर म्हणाले. रंभाबाईंनी मान डोलावली. बूट घालून चुलीपुढं जायचं, ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात शिरली नाही.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यातली. सोलापूरच्या भवानी पेठेत रंभाबाईंची खाणावळ होती. मिलमधले कारकून, दुकानांतले मुनीम, गावाकडं बायको ठेवून आलेले मास्तर असे लोक जेवायला यायचे. रंभाबाईंची भाकरी पातळ, टम्म फुगलेली, पापुद्रा असा सुटायचा की नुसत्या शेंगाचटणीबरोबर माणूस जेवून उठावा. त्यांचे यजमान महिपतराव मिलच्या टाइम ऑफिसात कारकून होते. सरळ माणूस, पण प्रत्येक गोष्ट 'पद्धतशीर' करायची त्यांना खोड होती, आणि त्यांनी पद्धतशीर हाती घेतलेली गोष्ट सहसा कुणाच्याच हातात राहत नसे.

त्यांनी बायकोसाठी पहिल्यांदा एक उंच खुर्ची करून घेतली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली. रंभाबाई त्या खुर्चीत बसल्या की जेवायला येणारा प्रत्येक जण तहसीलदाराला करावा तसा वाकून नमस्कार करू लागला. आणि आत, चुलीपुढं त्यांच्या पाटावर, जेऊरहून आलेली त्यांची नणंद बजाबाई भाकऱ्या बडवत असायची.

बजाबाई मनानं सोन्यासारखी. भावाचा निरोप मिळाला तशी नेसत्या लुगड्यानिशी रेल्वेत बसली. पण तिची भाकरी रानातली. एक खाल्ली की दिवसभर नांगर धरावा अशी. मिलमधले कारकून ती खाऊन पेन धरायचे, आणि दुपारच्याला पेन हातातच राहायचं, माणूस झोपलेला असायचा. तक्रार कुणीच केली नाही, ह्याचंच रंभाबाईंना जास्त भ्या वाटलं. दोघं-तिघं "गावी जातो" म्हणून गेले आणि पलीकडच्या गल्लीतल्या खाणावळीत जेवताना दिसले.

अक्षय्यतृतीया दीड महिन्यावर आली, तशी एक दिवस बजाबाई म्हणाली, "वैनी, आखिती झाली की मला जावं लागंल. रान पडून हाय. तवर काय ते बगा."

महिपतराव म्हणाले, "आता बंद करू खाणावळ. पुष्कळ केलंस. आता विश्रांती घे."

ज्या सुरात रिटायर होणाऱ्याच्या गळ्यात हार घालतात, त्या सुरात ते बोलले. रंभाबाईंनी नवऱ्याकडं असं पाहिलं, की त्यांनी पायात चप्पल सरकवून दारापर्यंत जायची तयारी केली.

"मंग दिसभर करू काय मी?"

"बसून राहा की निवांत."

"आवो, बसायलाच तर बंदी हाय की!"

महिपतरावांनी प्रश्न पद्धतशीर हाती घेतला.

पहिला प्रयोग टेबलाचा. कुठल्याशा शाळेनं काढून टाकलेलं एक टेबल हातगाडीवरून आलं. त्यावर एका बाजूला रॉकेलचा स्टोव्ह, दुसऱ्या बाजूला काटवट. रंभाबाई काठी भिंतीला टेकवून उभ्या राहिल्या, पिठाचा गोळा मळला आणि पहिली थाप मारली. टेबल एक पाऊल पुढं गेलं. दुसऱ्या थापेला आणखी एक पाऊल. भाकरी पुरी थापून होईस्तोवर टेबल, स्टोव्ह आणि काटवट दाराशी पोचले होते आणि रंभाबाई त्यांच्यामागं लंगडत चालल्या होत्या. भाकरी तव्यावर पडली तेव्हा स्टोव्ह भडकला, महिपतरावांनी धावत जाऊन त्यावर ओलं पोतं टाकलं, आणि त्या दिवशी सगळ्यांनी भात खाल्ला.

ही बातमी पेठेत पसरायला वेळ लागला नाही, कारण शेजारच्या केराबाई दारातच उभ्या होत्या. केराबाईंना दुसऱ्याच्या घरातली प्रत्येक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय सांगायला आवडत नसे. तेवढ्या त्या सत्यवचनी होत्या.

"रंभाबाई, वाईट वाटून घिऊ नगा," त्या म्हणाल्या, "पन उभ्यानं रांदलेलं अन्न अंगी लागत न्हाई. माझी सासू सांगायची. बाईनं चुलीपुढं बसूनच करावं. आपल्याला देवानं मांडी कशाला दिलीया?"

"दिली हुती की," रंभाबाई म्हणाल्या. "डाक्टरनं काढून घेतली."

मग केराबाईंनी एरंडेल तेल सुचवलं. दुसऱ्या एकीनं डिंकाचे लाडू सुचवले. धातूच्या गोळ्याला डिंक कसा लागणार, हे तिला कुणी विचारलं नाही. माणूस आजारी पडला की त्याचा देह सार्वजनिक होतो. येईल त्यानं हात लावून बघावा आणि मत देऊन जावं. दोन बायका तर कान लावून गोळ्याचा आवाज येतो का ते ऐकून गेल्या. एकीला आला.

शेवटी ठरलं, की चुलीसकट पक्का उभा ओटाच बांधायचा. आता सिमेंट परमिटवर मिळायचे ते दिवस. महिपतराव रजा काढून सात रस्त्याजवळच्या एका कचेरीत गेले.

"काम काय?" तिथल्या साहेबांनी विचारलं.

"ओटा. स्वयंपाकघरातला. भाकरीसाठी."

"नवं बांधकाम की दुरुस्ती?"

महिपतरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "दुरुस्ती म्हणा. बायकोची."

साहेब हसले नाहीत. "नवं बांधकाम असलं तर जागेचा नकाशा लागतो. दुरुस्ती असली तर मोडलेलं काय ते दाखवावं लागतं."

"खुबा मोडला होता. पण तो पुण्याला दुरुस्त झाला."

"मग आता कशाला पाहिजे सिमेंट?"

ह्या बोलण्यात कुठंतरी खोट आहे हे महिपतरावांना कळत होतं, पण नेमकी कुठं ते सापडेना. ते पुन्हा दोनदा जाऊन आले. तिसऱ्या खेपेला ते साहेब बदलून गेले होते आणि नव्यांना सगळं खुब्यापासून सांगायचं होतं. महिपतराव बाकावर थोडा वेळ बसले, पंख्याकडं बघितलं, आणि उठून घरी आले. "चिखलातच बांधू," ते म्हणाले. "वर शहाबादी फरशी टाकू."

गवंडी मिळाला ईश्वर. हातात कसब होतं, स्वभाव गोड होता. दोष एकच, जो शेवटी बोलेल त्याचंच त्याला पटायचं. आणि भवानी पेठेत शेवटचं बोलल्याशिवाय कुणी घरी जात नाही. केराबाई म्हणाल्या ओटा भिंतीला नको, ओल धरंल, ईश्वर म्हणाला, "बराबर हाय." महिपतराव म्हणाले भिंतीलाच हवा, ईश्वर म्हणाला, "त्ये बी खरं हाय." एका सकाळी त्यानं रचलेल्या विटा संध्याकाळी त्यानंच काढल्या, कारण मधे जेवायला आलेल्या मास्तरांनी वास्तुशास्त्रावर दोन शब्द सांगितले होते.

उंची किती ठेवायची ह्यावर तर सभाच भरली. कोपराएवढी असावी, इथवर एकमत झालं. कुणाच्या कोपराएवढी, तिथं फाटे फुटले. महिपतरावांनी आपलं कोपर पुढं केलं. बजाबाईनं आपलं केलं. रंभाबाई खुर्चीतून बघत राहिल्या. दुखणं आपलं, पण त्यावर आपलं मत तेवढं कुणाला नको आहे, हे त्यांना आता सवयीचं झालं होतं. शेवटी त्याच कंटाळून ओसरीवर काठी टेकत उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "माजं कोपर मोजा की वो! भाकरी मी करनार हाय न्हवं?"

ईश्वरनं दोरी लावून माप घेतलं.

ओटा झाला. चूल वर चढली तसा धूर थेट तोंडावर येऊ लागला, म्हणून माळवदाला भोक पाडून पत्र्याचं धुराडं बसवलं. ते माळवदावर नेमकं तिथं निघालं, जिथं केराबाईंनी शेजारधर्मानं आपल्या गव्हाच्या कुरडया वाळत घातल्या होत्या. पहिल्याच दिवशी पांढऱ्याशुभ्र कुरडया चिलमीसारख्या काळपट झाल्या. केराबाईंनी एक कुरडई आणून महिपतरावांच्या नाकापुढं धरली. "हुंगा. हुंगून बगा. बिडीचा वास येतोया." महिपतरावांनी पद्धतशीर हुंगली आणि वर्षभर पुरतील एवढ्या कुरडया करून द्यायचं कबूल केलं. त्या अर्थातच बजाबाईनं केल्या. ती त्यात गुंतल्यामुळं दोन दिवस खाणावळ बंद राहिली.

एवढं होऊन रंभाबाई एकदाच्या ओट्यापुढं उभ्या राहिल्या, तर ओटा छातीला लागायला लागला.

सगळ्यांनी ईश्वरकडं पाहिलं. ईश्वरनं दोरी काढली, मोजलं, पुन्हा मोजलं. माप बरोबर होतं. मग बजाबाईचं लक्ष रंभाबाईंच्या अनवाणी पायांकडं गेलं.

"आगं बया! माप घेतलं तवा पायात बूट हुतं की!"

ओसरीवर बूट, स्वयंपाकघरात अनवाणी. हे इतकं सरळ होतं की कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. बूट काढला की रंभाबाई नुसत्या बुटक्या होत नव्हत्या, डावीकडं कलतही होत्या. त्यांनी तशीच एक भाकरी थापून बघितली. ती डाव्या अंगाला जाड आणि उजव्या अंगाला कागद झाली, आणि उचलताना मधोमध फाटली. कमरेतून अशी कळ आली की त्यांनी ओट्याची कड धरली.

"ओटा फोडू?" ईश्वर म्हणाला.

"न्हाई," रंभाबाई म्हणाल्या. त्यांच्या अंगात आता आणखी एक ओटा सोसायचं बळ नव्हतं. "फोडाफोडी पुरं झाली. डाक्टरनं उभं ऱ्हाताना बूट घालायलाच सांगितलाय. घालते."

चामड्याचा बूट, चुलीपुढं! केराबाईंनी तोंडावर पदर घेतला. महिपतरावांच्या कपाळावर घाम आला, तो केराबाईंमुळं नव्हे, गुरुसिद्धप्पांमुळं. गुरुसिद्धप्पा कापडाच्या पेढीवर मुनीम होते, खाणावळीतले सगळ्यात जुने जेवणारे. कपाळभर विभूती, गळ्यात लिंग, आणि सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत असे कडक, की पाण्याचा तांब्याही स्वतःचा आणायचे. गुरुसिद्धप्पा उठले की त्यांच्यामागं अर्धी पंगत उठायची.

तोड बजाबाईनं काढली. सोलापुरी चादरीचा एक जुना तुकडा कापून तिनं दोन्ही बुटांना खोळी शिवल्या. त्या घातल्यावर रंभाबाईंचे पाय दोन धष्टपुष्ट मेंढरांसारखे दिसायला लागले, पण चामडं झाकलं गेलं. खोळींवर गोमूत्र शिंपडून झालं.

मग रंभाबाई शिकायला लागल्या. ज्या हातांनी आयुष्यभर भाकऱ्या केल्या, त्या हातांना उभ्यानं काहीच आठवेना. बसलं की जोर खांद्यातून यायचा. उभ्यानं तो कुठून आणायचा ते कळेना. पहिल्या भाकऱ्या म्हशीनं खाल्ल्या. गल्लीतली ती म्हैस दोन दिवसांत दारातून हलेनाशी झाली. रंभाबाई रोज पहाटे उठायच्या, कंबर ओट्याला टेकवायच्या, भार उजव्या पायावर घ्यायच्या आणि थापायच्या. चैत्रातला सोलापूरचा उकाडा, पुढ्यात चूल, पायात चादर. मांडीतून मुंग्या यायच्या. मग खुर्चीत टेकायचं, दम घ्यायचा आणि पुन्हा उभं राहायचं. महिपतराव एकदा म्हणाले, "राहू दे गं, किती ओढशील जिवाला." त्या नुसत्या म्हणाल्या, "पीठ द्या." ते पीठ द्यायला लागले. एका पहाटे भाकरी तव्यावरून निखाऱ्याकडं गेली आणि काठोकाठ फुगली. रंभाबाईंनी ती उचलून हातातच धरली. हात भाजत होता, तरी खाली ठेवावीशी वाटेना.

आखितीच्या दुसऱ्या दिवशी बजाबाईचं गाठोडं बांधून तयार झालं आणि रंभाबाईंनी पहिली पंगत घातली. जुनी माणसं सगळी आली होती. "गावी गेलेले"ही आले होते. महिपतराव वाढत होते. गुरुसिद्धप्पांनी भाकरीचा घास घेतला, क्षणभर थांबले, दुसरा घेतला. मग त्यांची नजर आत ओट्याकडं गेली, तिथून खाली उतरली आणि मेंढरांवर थांबली.

"अक्काच्या पायाला काय झालं?"

"थंडी," महिपतराव म्हणाले.

वैशाखात, सोलापुरात, पेटलेल्या चुलीपुढं. पंगत जेवायची थांबली. "पायात थंडी भरते तिला," त्यांनी पुढं रेटलं. "आतून."

रंभाबाई हे ऐकत होत्या. पाय ठणकत होता, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, आणि खुर्ची, टेबल, परमिट, कुरडया ह्या सगळ्यातून पार पडून आता त्यांना थंडी भरली होती. त्यांनी भाकरीचा हात धुतला, काठीच्या टोकानं डाव्या पायाची खोळ ढकलून काढली आणि वळल्या.

"थंडीबिंडी काय न्हाई. बूट हाय. चामड्याचा. त्याबिगर मला उभं ऱ्हाता येत न्हाई. ज्याला चालत न्हाई त्यानं उटावं. माजी ना न्हाई."

महिपतरावांच्या हातातली आमटी वाटीत पडायची ती गुरुसिद्धप्पांच्या तांब्यात पडली.

गुरुसिद्धप्पांनी बुटाकडं पाहिलं. ताटातल्या भाकरीकडं पाहिलं. मग सावकाश विचारलं, "बूट काढला तर भाकरी कोण करणार?"

पंगतीतल्या सगळ्यांच्या माना एकदम बजाबाईकडं वळल्या. ती गाठोड्यावर बसली होती.

"मग राहू द्या बूट," गुरुसिद्धप्पा म्हणाले. घास गिळून झाल्यावर त्यांना शास्त्रही सुचलं. "मठात स्वामी खडावा घालूनच आत जातात की. लाकूड काय, चामडं काय, पायातलं ते पायातलं. अजून एक भाकरी घाला, महिपतराव. आणि तांब्या तेवढा बदला."

बजाबाईनं फणकाऱ्यानं तोंड फिरवलं, पण तिला गाडी गाठायची होती, त्यामुळं राग तिनं गाठोड्यातच बांधून घेतला. निघताना मात्र ओट्याजवळ घुटमळली, फरशीवर दोन्ही हात टेकून उभी राहिली, कंबर मागं-पुढं करून बघितली. "वैनी," ती हळूच म्हणाली, "ह्यो ईश्वर जेऊरला यील का वो?"

ईश्वरला जेऊरला जायला सवडच मिळाली नाही. आधी वरच्या आळीतल्या एकीनं त्याला बोलावलं, मग मास्तरांच्या घरमालकिणीनं. पेठेतले पुरुष महिपतरावांना पानपट्टीवर गाठून विचारू लागले, "तुमच्या बायकोचा खुबा मोडला, ते ठीक. आमच्या बायकांना काय झालंय?" रंभाबाईंच्या ओट्याची एक फरशी हलायला लागली होती, आणि ती बसवायला ईश्वरला रोज निरोप जात होता. "आलोच बाई," एवढं सांगून तो रोज दुसऱ्याच घरात शिरत होता.

एका सकाळी केराबाई आल्या. थेट ओट्यापुढं उभ्या राहिल्या आणि आपलं कोपर फरशीला लावून बघू लागल्या.

"तुमाला कशाला वो ओटा?" रंभाबाई थापता थापता म्हणाल्या. "तुमाला तर देवानं मांडी दिलीया."

"दिलीया, पन दुकती की," केराबाई म्हणाल्या. "आज न्हाई, लई वरसं झाली. उटताना भिताड धरावं लागतं." "रंभाबाई, तुमाला बी आदी दुकतच आसंल की. मंग आदीच का न्हाई सांगितलं, मला उभा ओटा पायजे म्हनून?"

"सांगितलं आसतं तर कुनी बांदला आसता व्हय?"

केराबाईंनी, सत्यवचनी बाई, नीट विचार केला. "न्हाई," त्या म्हणाल्या. "मीच पैली हसले आसते."

रंभाबाईंनी भार उजव्या पायावरून डाव्यावर घेतला, जरा कण्हल्या आणि काटवट थोडी पलीकडं सरकवली.

"या, हितं उभ्या ऱ्हावा. दोन थापून बगा, मंगच माप द्या. आन बूट न्हाई तुमच्या पायात, तेवढं त्याला आठवनीनं सांगा."